ऑफिस सुरू झाल्यापासून पंपातलं दूध निम्म्यावर आलंय, नक्की काय तपासायचं?

सांजवेळ

आकडे आधीच देते, म्हणजे नेमकं सांगता येईल.

बाळ पाच महिन्यांचं, पूर्णपणे अंगावरच्या दुधावर. ऑफिस सुरू होऊन चौथा आठवडा. सकाळी ८ ला पाजून निघते आणि संध्याकाळी ५:३० ला येऊन पाजते, म्हणजे मधे साडेनऊ तास. दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक पंप आहे. दोन महिने वापरात आहे, अजून एकही भाग बदललेला नाही. फ्लँज (स्तनावर बसवायची नरसाळ्यासारखी तोंडं) खोक्यातून आले तेच, २४ मिमीचे. ऑफिसात ११, १:३० आणि ४:३० ला पंप करते, दर वेळी १५ मिनिटं.

पहिल्या आठवड्यात दिवसाला ३२०–३३० मिली निघायचं. आता १७०–१८०, त्यातही उजवीकडून जेमतेम ५०. घरी मात्र १५० मिलीच्या तीन बाटल्या लागतात आणि फ्रीजरमधला साठा संपत आलाय. सक्शन ९ पैकी ९ वर नेलं तरी फरक नाही, उलट उजवं निपल दुखतं आणि पंप काढल्यावर पांढरं पडलेलं दिसतं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बाळ अंगावर पितं तेव्हा गिळल्याचा आवाज छान येतो, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात, वजनही वाढतंय.

प्रश्न असे: दूध आटतंय का? पंपात काय बघायचं? फ्रीजरमधलं दूध वितळवल्यावर साबणासारखा वास येतो, ते फेकायचं का? आणि ऑफिसात दर वेळी पंपाचे भाग धुण्याची सोय नाही, त्याचं काय करायचं?

इंजिनबाई

बाळ अंगावर नीट पितंय, लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय आणि घट फक्त पंपात दिसतेय. अशा वेळी आधी पंपावर संशय घ्यायचा, स्वतःवर नंतर. एका बाजूचं दूध दुसऱ्या बाजूपेक्षा एकदम घसरलं असेल तर तो संशय जवळपास खात्रीचाच.

सगळ्यात आधी व्हॉल्व्ह बघा. फ्लँजच्या खाली, बाटलीच्या तोंडाशी बदकाच्या चोचीसारखा सिलिकॉनचा तुकडा असतो, तोच डकबिल. पंप ओढतो तेव्हा ही चोच घट्ट मिटायला हवी, तरच निपलपाशी निर्वात तयार होतो. ओढ सुटली की चोच उघडते आणि साचलेलं दूध बाटलीत पडतं. चोच मिटेनाशी झाली की ओढ बाटलीतल्या हवेवरच खर्च होते. मोटर तशीच आवाज करत राहते, आकडा ९ दिसतो, पण निपलपाशी ९ पोचतच नाही.

तपासायचं असं:

१. डकबिल उजेडासमोर धरा. चिरेतून उजेड दिसला तर तो गेला. बऱ्याचदा धुताना आत बोट किंवा ब्रश घातल्यामुळे चीर रुंदावते. तो नुसता साबणाच्या पाण्यात हलवून, दोन बोटांत हलकेच चोळून धुवायचा.

२. पंप चालू करून फ्लँजचं तोंड तळहाताने बंद करा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी लागते का बघा. उजवी कमजोर वाटली तर दोन्हीकडचे व्हॉल्व्ह अदलाबदल करा. कमजोरी व्हॉल्व्हबरोबर डावीकडे गेली तर दोष व्हॉल्व्हचा. नाही गेली तर ट्यूब आणि मागचा पडदा बघा.

३. ट्यूबची टोकं वारंवार काढ-घाल करून सैल होतात, बारीक चिरतात. चिरलेल्या टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा सरळ कापून टाकला की पुन्हा घट्ट बसते, लांबी पुरत असेल तर. ट्यूबच्या आत पाण्याचे थेंब दिसले तर पंप झाल्यावर ट्यूब फ्लँजकडून सोडवून मोटर दोन-तीन मिनिटं तशीच चालू ठेवा, वाळते. आत काळे ठिपके, म्हणजे बुरशी दिसली, तर मात्र धुण्याच्या भानगडीत पडू नका, ट्यूब फेकून द्या.

४. दूध मागे जाऊ न देणारा गोल पडदा (बॅकफ्लो प्रोटेक्टर) नीट दाबून बसवलाय ना? एका कडेला उचललेला राहिला तरी ओढ निम्मी होते.

५. बॅटरीवर चालवत असाल तर एकदा प्लगला लावून तुलना करा. चार्ज उतरला की काही पंपांची ओढ कमी होते, पण स्क्रीनवरचा आकडा तोच राहतो.

दिवसाला तीन-चार वेळा पंप होत असेल तर डकबिल महिना-दोन महिन्यांत बदलायचाच. दिसायला चांगला असला तरी सिलिकॉन सैल पडतं. तुमचे दोन महिने झालेत. एक सूचना: फ्लँज, व्हॉल्व्ह, वेळा असं सगळं एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला तेच कळणार नाही.

नीरक्षीर

इंजिनबाईंशी सहमत. फक्त "आटत नाहीये" एवढंच सांगून थांबता येणार नाही. दूध काढलं न जाता स्तनात साचून राहिलं की निर्मिती मंदावते. साचलेल्या दुधातच तशी सूचना देणारा घटक असतो. म्हणजे व्हॉल्व्ह बिघडला म्हणून कमी निघालं, आणि तेच तीन-चार आठवडे चाललं तर खरंच कमी बनायला लागतं. त्यामुळे दुरुस्ती या आठवड्यातच करा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आता फ्लँज. खोक्यात २४ मिमी येतो म्हणून तो सरासरी माप आहे असं नाही, अनेकींना तो मोठा होतो. मोजायचं ते निपल, भोवतीचा काळसर भाग नाही. पंप करण्याआधी, निपल थोडं ताठ असताना, बुडाशी किती रुंद आहे ते मिलिमीटरच्या पट्टीने मोजा. दोन्ही बाजू वेगळ्या मोजा, फरक असतो. आलेल्या मापात ० ते ३ मिमी मिळवले की फ्लँजच्या नळीचं माप मिळतं.

पंप चालू असताना नळीत बघा. फक्त निपल मागेपुढे सरकत असेल, कडेला घासत नसेल तर माप बरोबर. काळसर भाग नळीत ओढला जात असेल तर फ्लँज मोठा आहे. या स्थितीत दूधवाहिन्या बुडाशी दाबल्या जातात, त्वचा सुजते आणि स्तन रिकामा होत नाही. निपल नळीला चिकटून हलतच नसेल, बुडाशी वळ उठत असेल, तर लहान आहे. नवे फ्लँज घेण्याआधी आत बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगा आणून बघा. मापं पडताळून पाहायला तो सोपा मार्ग आहे.

सक्शन ९ वर ठेवू नका. दुखलं की पान्हा अडतो, कारण वेदना आणि ताण ऑक्सिटोसिनला, म्हणजे पान्हा सोडणाऱ्या संप्रेरकाला, आड येतात. ओढ वाढवत जा, जरा टोचायला लागलं की एक पायरी खाली या. ती तुमची पायरी. मग ती ४ असो की ६. निपल पांढरं पडणं हे जास्त ओढीचं किंवा चुकीच्या मापाचं लक्षण असतं. दोन्ही सुधारूनही पांढरं-निळसर पडून जळजळत राहिलं तर रक्तवाहिन्या आकसत असतील. पंप झाल्याबरोबर कोरडी ऊब द्या, आणि तरी राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

सांजवेळ

मोजलं. डावं १६, उजवं १७ मिमी. आणि उजव्या डकबिलची चीर उजेडात स्पष्ट उघडी दिसतेय! डावा ठीक वाटतोय.

पंपाच्या मोडबद्दल विचारायचं राहिलं. सुरुवातीची भरभर ओढ मशीन आपोआप दोन मिनिटांनी बदलतं. ते तसंच चालू द्यायचं का?

नीरक्षीर

दोन्ही डकबिल बदला, डावाही त्याच वयाचा आहे. १७ ते १९ च्या रिंगा आणा.

मोड मशीनच्या घड्याळावर सोडू नका. भरभर-हलकी ओढ पान्हा फोडण्यासाठी, संथ-खोल ओढ दूध काढण्यासाठी. धार दिसली की लगेच संथवर जा, मग ते ४० सेकंदांत होवो की तीन मिनिटांत. धार संपून थेंब-थेंब यायला लागलं की पुन्हा भरभर मोड लावा, बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत दुसरा पान्हा येतो. दोन पान्हे मिळाले की निघणारं दूध बरंच वाढतं. तुम्ही १५ मिनिटं मोजून थांबता, तिथे दुसरा पान्हा अर्ध्यावर तुटत असणार. शेवटचे थेंब थांबल्यावर दोन मिनिटं आणखी, एवढाच नियम ठेवा. तो कधी १४ मिनिटांत संपेल, कधी २२.

पंप चालू असताना हात रिकामे ठेवू नका. काखेकडून निपलकडे हलकं दाबत या, कडक लागेल तिथे जरा थांबा. दूध जास्त निघतं आणि त्यात स्निग्धांशही जास्त येतो. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून जुन्या, घट्ट स्पोर्ट्स ब्राला निपलच्या जागी लहान चिरा पाडून त्यातून फ्लँज घातले तरी चालतं.

वेळांबद्दलही एक. ४:३० ला पंप आणि ५:३० ला बाळ अंगावर, यात तासाचंच अंतर राहतं. ४:३० ला नीट रिकामं केलंत तर घरी भुकेलं बाळ कुरकुरतं, आणि अर्धवट केलंत तर आकडा कमी दिसतो. १०:३०, १ आणि ३:१५ करून बघा. सकाळी दूध जास्त असतं, त्यामुळे पहिली वेळ कधीच चुकवू नका. मीटिंगमुळे एखादी सोडावीच लागली तर दुपारची सोडा.

घड्याळजी

बाटलीच्या आकड्याकडे कोणीच बघितलं नाही. साडेनऊ तासांत ४५० मिली हे प्रमाण जास्त आहे.

एक ते सहा महिन्यांचं, फक्त आईच्या दुधावरचं बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० ते ८०० मिली पितं. भागाकार केला तर तासाला ३० मिलीच्या जरा वर. साडेनऊ तासांना ३०० ते ३२० मिली. म्हणजे पहिल्या आठवड्यात निघणारे ३२०–३३० अगदी बरोबर होते, कमी कधीच नव्हते! बाळाबाळांत फरक असतो, कुणाला ३८० लागतील, पण ४५० पिऊन वर रात्रीही अंगावर भरपूर पीत असेल तर बाटली गरजेपेक्षा जास्त देतेय. आणि फॉर्म्युलासारखं अंगावरच्या दुधाचं प्रमाण महिन्यागणिक वाढवत न्यायचं नसतं. एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत रोजचं प्रमाण फारसं बदलत नाही.

जास्त का जातं? बाटली आडवी न धरता उभी उपडी धरली की दूध आपोआप ओघळतं, बाळाला गिळत राहावंच लागतं. सांभाळणाऱ्यांना एवढं दाखवा: बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी, टीट (बाटलीचं बोंडलं) निम्मंच भरलेलं. टीट सर्वांत कमी प्रवाहाचं. ओठांना लावून बाळाने स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबायचं. दर मिनिटाला बाटलीचं बूड खाली करून क्षणभर विश्रांती. एक बाटली १५–२० मिनिटं चालली पाहिजे, पाच मिनिटांत संपली तर पोटाला भरल्याचं कळायच्या आतच संपते. हात मुठीतून सुटले, मान वळवली की थांबायचं. उरलेले २० मिली संपवण्यासाठी गालाला टिचक्या मारायच्या नाहीत.

बाटल्या १५० ऐवजी ८०–९० मिलीच्या भरा. चार बाटल्या, शिवाय ३० मिलीची एक वेगळी, लागली तरच उघडायची. उष्टं झालेलं दूध दोन तासांत वापरलं नाही तर फेकावं लागतं, त्यामुळे लहान बाटलीत नासाडीही कमी. वाटी-चमच्याने देत असाल तरी हेच गणित.

दुधावरची साय

साबणाच्या वासाबद्दल. दुधात लायपेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्निग्धांश फोडतं आणि फ्रीजरमध्येही थोडंथोडं काम करत राहतं. काहींच्या दुधात त्याचा परिणाम जास्त जाणवतो. दूध खराब झालेलं नसतं, देता येतं. बाळाने नाकारलं तर ताज्या दुधात निम्मं-निम्मं किंवा पाव भाग मिसळून बघा. आंबूस, नासल्याचा वास असेल तर मात्र फेका, ती वेगळी गोष्ट.

आधीच गोठवलेल्या दुधावर इलाज नाही. पुढच्यासाठी आधी एक चाचणी करा: ताजं दूध फ्रीजमध्ये ठेवून ६, १२ आणि २४ तासांनी वास घ्या. वास बदलण्याआधीच त्याला झळ द्यायची. लहान पातेल्यात मंद आचेवर कडेला बारीक बुडबुडे यायला लागेपर्यंत तापवायचं (८२ अंशांच्या आसपास), उकळू द्यायचं नाही, लगेच पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करायचं आणि मग गोठवायचं. तापवण्याने काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून जेवढं गोठवायचं तेवढ्यालाच हे करा.

खरं तर आठवड्यातल्या बहुतेक दुधाला फ्रीजरची गरजच नसते. आज काढलेलं उद्या द्या, शुक्रवारचं सोमवारी. फ्रीजमध्ये ४ अंशांना चार दिवस टिकतं. आतल्या बाजूला ठेवा, दारात नको, तिथलं तापमान सतत हलतं. खोलीत २५ अंशांपर्यंत चार तास, खोली गरम असेल तर त्याहून कमी. गोठलेल्या आइस पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत २४ तास. फ्रीजरमध्ये, उणे १८ ला, सहा महिन्यांपर्यंत उत्तम, बारापर्यंत चालतं.

कोमट ताजं दूध गार दुधात थेट ओतू नका. आधी वेगळं गार करा, मग एकत्र. गोठवताना पिशवीत ६०–९० मिलीच भरा, वर इंचभर जागा सोडा (गोठताना फुगतं), आडवी ठेवा, तारीख लिहा. वितळवायला रात्रभर फ्रीजमध्ये. पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही. कोमट करायला गरम पाण्याच्या वाडग्यात बाटली ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये नको, मधेमधे भयंकर गरम ठिपके राहतात आणि तोंड भाजतं. वर साय सुटली तर बाटली हळू फिरवा, मिसळते.

ओलीमाती

धुण्याबद्दल. पंपाचे भाग न धुता पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि पुढच्या वेळी तसेच वापरायचे, हा सल्ला सगळीकडे फिरतो. थंडीत जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. दर वापरानंतर धुणं हीच खरी शिफारस. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, वेळेआधी जन्मलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं असेल तर फ्रीजची पळवाट मुळीच नको.

इंजिनबाई

@ओलीमाती, तत्त्वतः मान्य. पण जिथे नळच नाही तिथे "धुवा" म्हणून भागत नाही. पाच महिन्यांच्या निरोगी बाळासाठी फ्रीजमधले भाग दिवसभर वापरणं आणि दुधाचा चिकटा बाकावर वाळत ठेवणं यात पहिलं कितीतरी बरं.

ओलीमाती

त्याहून बरं म्हणजे तीन संच. दुधाला लागणारे भाग तेवढेच लागतात: फ्लँज, जोडणी, व्हॉल्व्ह, बाटली. मोटर आणि ट्यूब एकच. वापरलेला संच बंद डब्यात टाका, घरी एकदम धुवा. तीन परवडत नसतील तर दोन, आणि मधली एक धुलाई ऑफिसात.

धुताना बेसिनमध्ये थेट ठेवू नका, बेसिनच सगळ्यात घाण असतं. वेगळं टब आणि वेगळा ब्रश, या दोन्हींना दुसरं काम नाही. आधी साध्या वाहत्या पाण्याखाली दूध काढा, मग गरम साबणाच्या पाण्यात घासा, खळबळा, स्वच्छ कापडावर उघड्यावर वाळू द्या. फडक्याने पुसायचं नाही. दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळलं तर उत्तम, पण उकळणं हा धुण्याला पर्याय नाही, चिकट्याखालचे जंतू तसेच राहतात. पुसायचे वाइप्स व्हॉल्व्हच्या खाचेत पोचत नाहीत.

सांजवेळ

तीन दिवस फक्त व्हॉल्व्ह बदलला होता: १८० वरून २३५. काल १९ च्या रिंगा बसवल्या, सक्शन ५ वर: २७०. दुखणं जवळजवळ गेलं. आता वेळा बदलते.

उरलेलं वाढवायला पॉवर पंपिंग (मधे थोडं थांबत पुन्हा पुन्हा पंप करणं) करू का? आणि उजवीकडे वर एक लहान गाठ लागतेय, ताप वगैरे नाही.

नीरक्षीर

गाठ असेपर्यंत पॉवर पंपिंग अजिबात नको. गाठ म्हणजे बहुतेक सूज, आत अडकलेला खडा नव्हे. जोरात चोळलं, गरम शेकत जास्तीचं पंप केलं की सूज वाढते. नेहमीच्या वेळांनाच पाजा आणि पंप करा, मधे कापडात गुंडाळून गार शेक द्या, हात फिरवलाच तर कुरवाळल्याइतका हलका. लालसर चट्टा, ३८.५ च्या वर ताप, अंग मोडून येणं यातलं काही दिसलं, किंवा दोन दिवसांत गाठ उतरली नाही, तर डॉक्टर.

गाठ गेल्यावर लागलंच तर दिवसातून एकदा: २० मिनिटं पंप, १० विश्रांती, १० पंप, १० विश्रांती, १० पंप. आठवडाभर. पण २७० ला पोचलात आणि गरज ३००–३२० ची आहे, वेळा बदलून तेवढं भरून निघेल असं वाटतं. पाळी सुरू होण्याआधी काही दिवस दूध कमी होतं आणि परत येतं, त्याला घाबरू नका. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आहे का आणि गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन आहे का, तेवढं मात्र डॉक्टरांना विचारा. दोन्हींनी दूध खरंच कमी होऊ शकतं.

इंजिनबाई

पिशवीत एक जादा डकबिल ठेवा. आणि चार्जर विसरला त्या दिवसासाठी हाताने काढायचं शिकून ठेवा: अंगठा वर, दोन बोटं खाली, निपलपासून तीन-चार सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे मागे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं त्वचेवर घसरवायची नाहीत, निपल पिळायचं नाही. सुरुवातीला मिनिटभर काहीच येत नाही, तरी तालात चालू ठेवायचं. धार मंदावली की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी थोडी फिरवून जागा बदला, मग दुसरी बाजू, मग पुन्हा पहिली. खाली रुंद तोंडाचं भांडं हवं, बाटलीच्या तोंडात नेम लागत नाही.